जीन विजारीचा जनक : एक शिंपी

आपल्या घरांतील तरुण मुले जी निळी जाड विजार अंगावरून उतरू देत नाहीत, तिच्या कमरेच्या पट्टीवर कोणत्या कंपनीचे नाव आहे, हे ती मुले तत्काळ सांगतात. परंतु ती विजार प्रथम कोणी शिवली, असे आम्ही विचारतो तेव्हा सर्वत्र शांतता पसरते. ज्ञातिबांधवहो, ती एका शिंप्याने शिवली. त्याची हकीकत या स्मरणिकेत नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम कापडाविषयी दोन शब्द. डेनिम हे तिरप्या विणीचे सुती कापड होय. त्याचा उभा धागा निळीत रंगविलेला व आडवा धागा पांढरा असतो. म्हणून ते बाहेरून निळे व आतून फिके दिसते. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नसल्याने घर्षणाच्या जागी आतील पांढरेपणा उघडा पडतो. 'डेनिम' हे नाव फ्रान्सातील नीम शहरावरून व 'जीन' हे इटलीतील जिनोआ बंदरावरून पडले, असे मानतात. पण कष्टकऱ्यांच्या अशाच पोशाखास इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात, तो शब्द मात्र आपल्या मुंबईच्या डोंगरीचा आहे. तेथील जाड्याभरड्या सुती कापडाचे हे नाव सतराव्या शतकापासूनच इंग्रजीत रुळले होते.

आता मूळ पुरुषाकडे वळू. जेकब डेव्हिस याचा जन्म १८३१ साली रीगा शहरी झाला. १८५४ साली तो अमेरिकेत गेला व अनेक उद्योगांत हात पोळून घेतल्यावर नेव्हाडा प्रांतातील रीनो या रेल्वेमुळे वसलेल्या नव्या गावी त्याने शिवणकामाचे लहानसे दुकान मांडले. तंबू, घोड्यांच्या झुली, गाड्यांवरील आच्छादने, असले राकट काम तो करीत असे. १८७० च्या हिवाळ्यात एक बाई दुकानी आली. तिचा नवरा लाकूडतोड्या होता व त्याच्या अंगावर विजार टिकत नसे. तिने ३ डॉलर आगाऊ देऊन भक्कम विजार मागितली.

ज्याने उभा जन्म शिवणयंत्रापुढे काढला आहे, त्यास विजार कोठे फाटते हे सांगावयास नको. हत्यारे कोंबलेल्या खिशाचे कोपरे आधी उसवतात. कितीही टिपा घातल्या तरी ताण त्या एकाच बिंदूवर येतो. डेव्हिसच्या मेजावर झुलींचे पट्टे बसविण्याच्या तांब्याच्या रिवेटा पडल्या होत्या. त्याने त्या खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकल्या. एवढाच तो शोध! विजार टिकली, मजुरांत बोलबाला झाला व मागण्या येऊ लागल्या.

आता कोणीही नक्कल करील, हे डेव्हिसने ओळखले. पेटंट घेण्यास ६८ डॉलर लागणार होते. तेव्हा १८७२ साली त्याने आपल्याला कापड पुरविणाऱ्या सान फ्रान्सिस्को येथील लेव्ही स्ट्राउस कंपनीस मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिले, सोबत नमुने धाडले व खर्च करून निम्मे भागीदार व्हा, असे सुचविले. सरकारी कचेरीने अर्ज अनेकदा परत केला. अखेर २० मे १८७३ रोजी १३९१२१ क्रमांकाचे पेटंट मिळाले. डेव्हिस सान फ्रान्सिस्कोस जाऊन कामावर देखरेख करू लागला. तो १९०८ साली वारला. जगाच्या ओठी नाव राहिले ते व्यापाऱ्याचे. व्यापाऱ्यास आम्ही दोष देत नाही, कारण त्याने पैसा घातला व पेटंटावर डेव्हिसचे नावही राहिले. १९०६ च्या भूकंपात व आगीत कंपनीची जुनी दप्तरे जळाली. तरी पेटंटाच्या त्या नोंदीत डेव्हिसचे नाव आजही आपणांस दिसते.

हस्तकौशल्याचे दिवस संपले, असे म्हणणाऱ्यांनी जपानकडे पाहावे. कुराशिकी शहराच्या कोजिमा भागात पूर्वी शाळकरी मुलांचे गणवेश शिवीत. १९६० नंतरच्या दशकात तेथे जीन शिवणे सुरू झाले. आजही तेथील लहान कारखाने धोट्याच्या जुन्या मागांवर विणलेले, सुबक किनारीचे अरुंद कापड वापरतात, पायाच्या घेरास साखळी टीप घालतात आणि अशा विजारीस चोखंदळ गिऱ्हाईक आनंदाने भारी किंमत देते.

हे वाचून आम्हांस आमच्या वडिलांचे दुकान आठवले. बाजारच्या दिवशी हमाल येत व खिसा फाटल्याची तक्रार करीत. वडील खिशाच्या तोंडाशी आतून कापडाची दुहेरी पट्टी घालून वर हाताने दाट आडवे टाके घेत. तो खिसा विजारीच्या आधी कधी फाटला नाही. ते टाके नेमके कसे घेतले, हे आम्ही कधी विचारले नाही. आम्ही शाळामास्तर झालो, याचाच आम्हांस अभिमान होता! आज कातर घरात आहे, विद्या गेली. मुलांना दररोज शुद्धलेखन घालणाऱ्या आम्हांस वडिलांचे अर्धे पान लिहून ठेवणे सुचले नाही.

म्हणून विनंती एवढीच की, ज्यांच्या घरी बेतणारे, शिवणारे वृद्ध हात अजून आहेत, त्यांनी या दिवाळीत त्यांच्याजवळ बसावे, विचारावे व नावगावासह लिहून घ्यावे. डेव्हिसला शुद्ध इंग्रजी येत नव्हते, तरी त्याने पत्र लिहिले. आपणांस तर आपली मराठी येते.