गुणाकार बुक आणि सी मधलं फंक्शन

मागच्या वीकांताला पेणहून रोह्याला काकांकडे गेलो होतो. म्हटलं कुंडलिकेच्या काठी निवांत बसू. कसलं काय! घरात वाद पेटलेला. थोरल्या काकांचं शेत जुन्या कागदावर २ एकर, म्हणजे ८० गुंठे. सातबाऱ्यावर मात्र ०.८०.९४. शेजारचं शेत धाकट्या काकांचं. त्यांचं एकच पालुपद, "हा गुंठाभर वाढला कुठून? दादाने बांध कोरला!" दोघं भाऊ महिनाभर बोलत नव्हते.

कागदांच्या पिशवीत टिपण आणि गुणाकार बुकाची नक्कल सापडली आणि मी उडालोच. हे तर आपलं फंक्शन!

मंडळी, थोडा इतिहास. इंग्रजी अमलात आधी प्रिंगलने पुण्याकडे मोजणी केली, ती चुकांनी भरलेली निघाली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नव्याने सुरुवात केली. मुंबई इलाख्यातली साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे बरोब्बर १ गुंठा, १०८९ चौरस फूट. शेत वेडंवाकडं असलं तरी शंकू-साखळीने त्याचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडायचे. मापं टिपणात, क्षेत्रफळाचा हिशोब गुणाकार बुकात. एकाने मोजायचं, सूत्र ठरलेलं, उत्तर पुढच्या कागदावर. इनपुट, फंक्शन, रिटर्न व्हॅल्यू!

डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी भाषा आणली ती १९७२ च्या सुमारास. कॉलेजात पहिलं फंक्शन आपण सगळ्यांनी त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचंच लिहिलं असेल. आणि सूत्रात "१/२" लिहून उत्तर शून्य आलं असेल :-) पूर्णांकांचा भागाकार अपूर्णांक टाकून देतो, म्हणून १/२ म्हणजे ०. तिथे १.०/२ लिहावं लागतं.

लॅपटॉप उघडला, दोन फंक्शन्स लिहिली. त्रिकोण: पाया ८ साखळ्या, उंची ५, उत्तर २० गुंठे. समलंब: समांतर बाजू ४ आणि ६, अंतर १२, उत्तर ६० गुंठे. एकूण ८०. मग ९४ चं भूत आलं कुठून?

एककातून! १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा झाला. त्याआधी १९५५ मध्ये नाणी दशमान करण्याचा कायदा झाला, तेव्हा अर्थमंत्री होते आपल्या रायगडचेच सी. डी. देशमुख. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १६ आणे गेले, १०० नवे पैसे आले. पुढे जमिनीच्या कागदांवर एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, पण १ गुंठा म्हणजे १०१.१७. म्हणून ८० गुंठे म्हणजे ८०.९४ आर. शेत तेवढंच, आकडा वेगळा.

सी मधलं फंक्शनही नुसता आकडा परत देतं, एकक सांगत नाही. तेव्हापासून मी फंक्शनच्या नावातच "गुंठे" किंवा "आर" लिहितो.

धाकट्या काकांनी कॅल्क्युलेटरवर तीनदा गुणाकार करून पाहिला. मग काही न बोलता उठले आणि थोरल्यांसाठी चहा घेऊन आले.

असो. तुमच्या घरचा सातबारा एकदा काढून बघा.