इंदापूरची माती आणि नोहाचा पूर

'दख्खनचे पठार लाव्हारसाचे बनले आहे' हे वाक्य आपण भूगोलाच्या तासाला इतक्या सहज सांगून टाकतो की, त्यामागे काही वाद झाला असेल अशी शंकाही विद्यार्थ्याला येत नाही. वाद मात्र झाला होता, आणि चांगला पन्नास-साठ वर्षे चालला होता. हा खडक पाण्यातून झाला की अग्नीतून? त्यावरची काळी माती कुठून आली? आणि जुन्या करारात सांगितलेला जलप्रलय या सगळ्यात कुठे बसतो? बारामती-इंदापूरकडच्या शाळांतील शिक्षकांना या वादाची साधने शाळेच्या आवाराबाहेर पाऊल टाकताच सापडतात. म्हणून सुरुवात इंदापूरपासूनच करू.

पेशवाई संपल्यावर इंग्रज सरकारने पुणे जिल्ह्यात सारा ठरवण्यासाठी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडून जमिनीची पाहणी करवली. तिचे दर शेतकऱ्याला झेपेनात, आणि गावेच्या गावे ओस पडू लागली. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करातील इंजिनिअर या दोघांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले. १८३६ साली तिथे तीस वर्षांच्या मुदतीचा सारा ठरला. मुंबई इलाख्यातील पुढच्या सगळ्या जमीनमोजणीचा पाया तो हाच. या पद्धतीचे मर्म मातीच्या प्रतवारीत होते. माती काळी आहे की तांबूस, तिच्यात चुनखडी किती, मुरूम किती, आणि मुख्य म्हणजे ती किती हात खोल आहे, हे पाहून तिची प्रत ठरे. १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीला पक्के रूप आले आणि मातीच्या नऊ प्रती मान्य झाल्या.

मोजणी कारकुनाला माती किती खोल आहे एवढेच हवे होते. ती तिथे आली कशी, हा त्याचा प्रश्न नव्हता. पण याच सुमारास दुसरे काही लोक नेमका तोच प्रश्न विचारीत होते.

त्यांच्या डोक्यात काय होते हे समजण्यासाठी थोडे युरोपात जावे लागेल. आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी १६५० साली बायबलातील वंशावळी आणि इतर प्राचीन इतिहास यांची सांगड घालून सृष्टीच्या उत्पत्तीचे साल काढले : इसवी सनापूर्वी ४००४. १७०१ पासून हे साल इंग्रजी बायबलाच्या समासातच छापले जाऊ लागले. मग सामान्य वाचकाला ते मूळ ग्रंथाचाच भाग वाटू लागले यात नवल नाही. म्हणजे पृथ्वीचे वय जेमतेम सहा हजार वर्षे, आणि खडकांतले शंखशिंपले म्हणजे नोहाच्या काळच्या महापुराची खूण.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत वेर्नर नावाचे खनिजविद्येचे नामांकित शिक्षक होऊन गेले. त्यांच्या मते बेसाल्टसुद्धा आदिसागराच्या पाण्यातून साका बसून झालेला. वेर्नर यांचा आधार बायबल हा नव्हता, पण सगळी पृथ्वी पाण्याखाली होती हे त्यांचे म्हणणे प्रलय मानणाऱ्यांना सोयीचे वाटले. उलट फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात देमारे यांनी बेसाल्टचे खांब थेट विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत माग काढत नेले होते, आणि तसे १७७४ साली प्रसिद्धही केले होते. पाणी की अग्नी, हा झगडा अग्नीच्या बाजूने सुटायला पुढची काही दशके लागली. आपण 'डेक्कन ट्रॅप' म्हणतो त्यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतील पायरीवाचक शब्दावरून आलेला आहे. दिवे घाटाच्या बाजूचे डोंगर लांबून पाहिले की हा शब्द किती चपखल आहे ते पटते.

त्यानंतर ऑक्सफर्डचे बकलंड. हे स्वतः धर्मगुरू आणि विद्यापीठातील भूशास्त्राचे अध्यापक. यॉर्कशायरमधील एका गुहेत तरसांची व इतर प्राण्यांची हाडे सापडली, तिचा त्यांनी फार बारकाईने अभ्यास केला. तरसांनी तिथे राहून हाडे फोडली होती आणि वरचा चिखल मात्र प्रलयाच्या पाण्याने आला, असा निष्कर्ष त्यांनी १८२३ च्या ग्रंथात मांडला. नदीच्या आजच्या पात्राशी न जुळणाऱ्या गोट्यांच्या व मातीच्या थरांना त्यांनी 'प्रलयजन्य गाळ' असे नाव दिले. पुढे देशोदेशीचे असे थर तपासले गेले तेव्हा ते एकाच वेळचे नाहीत असे दिसू लागले. केंब्रिजचे सेजविक, तेही धर्मगुरूच, यांनी १८३१ साली भूशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून आपले आधीचे प्रलयाविषयीचे मत जाहीरपणे मागे घेतले. बकलंड यांनीही १८३६ च्या ग्रंथात तेच केले. इंदापूरचा सारा ठरला तेच हे साल. प्रलयाचा सिद्धान्त नास्तिकांनी पाडला असा समज आहे. प्रत्यक्षात तो ज्यांनी उभा केला त्या पाद्र्यांनीच, पुरावा पुरेना म्हणून, खाली उतरवला.

त्याच वर्षी लंडनच्या भूशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात कर्नल साइक्स यांचा दख्खनवरील निबंध छापून आला. साइक्स यांनी १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खन पायाखाली घातले होते. पक्षी, मासे, पिके, हवामान, सगळे टिपणारा हा माणूस. कोसच्या कोस आडवे पसरलेले बेसाल्टचे थर त्यांनी नोंदवले.

काळ्या मातीचा प्रश्न मात्र रेंगाळला. व्हॉयसी यांच्यासारखे काही जण म्हणत की ती बेसाल्ट कुजूनच झाली. दक्षिण भारताचे भूशास्त्र लिहिणारे कॅप्टन न्यूबोल्ड म्हणत की ती पाण्याखाली साचलेला गाळ आहे. न्यूबोल्ड यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. काळी माती काही ठिकाणी बेसाल्ट नसलेल्या प्रदेशातही आढळते, आणि नदीकाठी ती खरोखरच वाहून आलेली असते. इंदापूर तालुक्यात भीमा-नीरेच्या काठची खोल काळी आणि माळावरची वीतभर बरड यांतला फरक शेतकऱ्याला कुणी सांगावा लागत नाही. नवी विहीर खणली जात असेल तेव्हा मुलांना काठावर न्यावे. वर काळी, खाली चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग मऊ खडक, मग काळा कातळ. एका थरातून दुसऱ्यात रंग हळूहळू पालटत जातो. माती खडकातूनच होते याचा याहून सरळ पुरावा मिळणे कठीण.

आता महाराष्ट्रातील खऱ्या कथानायकाकडे वळू. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. जन्म १८१७. १८४५ साली ते नागपुरास आले. एडिंबरोला त्यांचे धर्मशास्त्राचे गुरू होते टॉमस चामर्स. या चामर्स यांनी बायबल आणि भूशास्त्र यांच्यात एक तडजोड सुचवली होती : उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिले वचन आणि दुसरे वचन यांच्या मध्ये लागेल तेवढा काळ गेला असे मानावे, म्हणजे खडकांना हवी तेवढी वर्षे मिळतात. त्याच पंथातील ह्यू मिलर हे पाथरवट-संपादक सृष्टीचा एकेक 'दिवस' म्हणजे एकेक दीर्घ युग असे मानत. आपण या तडजोडी मान्य करोत वा न करोत, त्यांचा एक परिणाम झाला. हिस्लॉप यांच्यासारखा श्रद्धाळू माणूस हातोडी घेऊन मोकळ्या मनाने बाहेर पडू शकला.

१८५१ साली हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांना नागपूरजवळ टाकळी येथे गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे जीवाश्म सापडले. मग मिशनच्या कामाबरोबर हाही उद्योग जोरात सुरू झाला. फळे, बिया, लाकूड, माशांचे अवशेष, भुंग्यांच्या पंखांची कवचे असा मोठा संग्रह लंडनला गेला. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली केले. कामठीकडील दगडांतील वनस्पतींचे ठसे बनबरी यांनी तपासले. गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म वसाहतजीवी प्राण्याला मुंबईच्या कार्टर यांनी १८५८ साली 'हिस्लॉपिया' असे नाव दिले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडून वारले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या नावाने १८८३ साली निघाले.

टाकळीच्या गोगलगाई महत्त्वाच्या का, ते मुलांना नीट सांगायला हवे. त्या ज्या थरात आहेत तो थर लाव्हाच्या दोन थरांच्या मधला आहे. म्हणजे एकदा लाव्हा वाहिला, थिजला, त्याच्यावर पाणी साचून तळे झाले, तळ्यात गोगलगाई वाढल्या, काठी झाडे उगवली, भुंगे आले, आणि मग पुन्हा लाव्हा आला. गोगलगाई गोड्या पाण्यातल्या, समुद्रातल्या नव्हेत. सगळी पृथ्वी बुडवणाऱ्या एका वर्षाच्या पुरात ही क्रमवारी बसवता येत नाही. हिस्लॉप यांच्या निबंधांत असा वाद घातलेला नाही. थर, जाडी, शिंपल्यांच्या जाती, इतकेच त्यांत आहे. त्यांनी हे तळे तृतीयक काळातले मानले. आज आपण ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, डायनोसॉर नाहीसे झाले त्या सुमाराचे मानतो.

एवढे झाल्यावर प्रलयाचे भूशास्त्र संपायला हवे होते, पण अमेरिकेत ते विसाव्या शतकात पुन्हा उभे राहिले. प्राइस यांचा १९२३ चा ग्रंथ आणि व्हिटकम व मॉरिस यांचा १९६१ चा ग्रंथ यांनी जगातील बहुतेक स्तरित खडक नोहाच्या एका पुरात साचले असा दावा केला. आता चामर्स यांची तडजोडही नको झाली. बकलंड यांनी पुरावा पाहून जे सोडले ते यांनी पुरावा बाजूला ठेवून उचलले, असे माझे स्पष्ट मत आहे. पण आपल्याकडे त्यांना हसणाऱ्यांनी जरा बेताने हसावे. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी, तेव्हा पुराणांना सगळे ठाऊकच होते, असे सांगणारे वक्ते शाळांच्या संमेलनात भेटतात. ४३२ कोटी हा आकडा कुठलाही दगड तपासून आलेला नाही, आणि अशर यांचाही नव्हता.

मग दगड तपासून आकडा येतो कसा? सह्याद्रीच्या घाटांत रस्त्याच्या कापणीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये विटेसारखा लाल पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खडक व राख कुजून झालेली आणि नंतरच्या लाव्हाने भाजली गेलेली ती माती. अशा काही पट्ट्यांत झिरकॉनचे अतिसूक्ष्म स्फटिक सापडतात. त्यांच्यातील युरेनियमचे शिसे किती झाले हे मोजून गेल्या काही वर्षांत पश्चिम घाटातील लाव्हाथरांचा बराच नेमका काळ ठरवता आला : ६.६ कोटी वर्षांच्या आगेमागे, दहा लाख वर्षांहून कमी अवधीत. भूशास्त्राच्या मानाने हा वेग भलताच आहे. या लाव्हाची जाडी किती, ते १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विंधनछिद्रात दिसले. तिथे ती सुमारे ३३८ मीटर भरली, आणि सह्याद्रीकडे ती याच्या कितीतरी पट आहे.

बारामती तालुक्यात आणखी एक थर आहे, आणि तो अजून वादात आहे. मोरगावला कऱ्हेच्या काठच्या गाळात ज्वालामुखीची राख सापडते. आपल्याकडचे उद्रेक तर कधीच थंडावलेले. ही राख आली सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून, वाऱ्याबरोबर. तशीच राख जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीकाठी आधी मिळाली होती. दोन्ही ठिकाणी या गाळाच्या परिसरात अश्मयुगीन माणसाच्या दगडी कुऱ्हाडी आहेत, त्यामुळे राखेचे वय कळले तर माणसाचेही कळेल. बोरीच्या राखेचे वय कुणी १४ लाख वर्षे काढले, कुणी ६.७ लाख. रासायनिक घडणीवरून ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या महाउद्रेकाची ठरते असे इतरांचे म्हणणे. गाळातील चुंबकत्वावरून तो ७.८ लाखांपेक्षा जुना असावा असेही काही संशोधक सांगतात. नदी जुनी राख उकरून नव्या गाळात टाकू शकते, ही यातली मोठी अडचण.

मोरगावला सहल नेणार असाल तर देवळाबरोबर नदीकाठही पाहावा. कुऱ्हाडी दिसल्या तर उचलू नयेत, जागच्या जागी राहू द्याव्यात. राखेची चिमूटभर पूड मात्र पाण्यात धुऊन शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरावी. नदीच्या वाळूचे कण झिजून गुळगुळीत झालेले असतात. राखेत बुडबुडे फुटून उरलेल्या काचेच्या वाकड्या, धारदार कपच्या दिसतात.