डोकं ज्याचं त्याचं

१ जुलै २००० रोजी अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्याने हेल्मेटचा कायदा सैल केला. वय एकवीसच्या पुढे असेल आणि दहा हजार डॉलरचा वैद्यकीय विमा असेल, तर हेल्मेट घालायचं की नाही हे मोटरसायकलस्वाराने स्वतःच ठरवावं, अशी ती सवलत होती. त्याआधी १९९८ मध्ये रस्त्याकडेला उभं राहून मोजणी झाली होती, तेव्हा जवळजवळ प्रत्येक डोक्यावर हेल्मेट दिसलं होतं. सवलत मिळाल्यावर पुन्हा मोजलं, तर आकडा ५३ टक्क्यांवर आलेला.

सक्ती नसेल तर माणसं हेल्मेट आपणहून घालतील का, यावर चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत इतक्या हिरिरीने वाद होतात, की याचं उत्तर अजून कुणाला सापडलेलंच नाही असं वाटावं. प्रत्यक्षात ते अनेक देशांत, अनेकदा मोजून झालेलं आहे. वाद घालणाऱ्यांना ते सोयीचं नसतं, इतकंच. ‘लोक समंजस आहेत’ म्हणणाऱ्यांना नाही आणि ‘लोकांना काठीच हवी’ म्हणणाऱ्यांनाही नाही.

मुळात हेल्मेट आलं तेच नियमाचा हात धरून. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर डॉ. एरिक गार्डनर हे वैद्यकीय अधिकारी होते. दर पंधरवड्याला डोकं फुटलेला एखादा मोटरसायकलस्वार त्यांच्यापुढे आणला जाई. वैतागून त्यांनी लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या मॉस नावाच्या कारागिराला गाठलं आणि कॅनव्हासला लाखेने कडक करून टोप बनवून घेतले. शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या ऑटो-सायकल युनियनने आधी ही कल्पना झिडकारली, मग मानली आणि सक्तीचीही केली. १९१४ साली आयल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीसाठी असे ९४ टोप गेले. स्वारांनी भरपूर कुरकुर केली. मग त्यांच्यातलाच एक जण वेगात एका फाटकावर घासला गेला आणि टोपामुळे बचावला. शर्यतीनंतर बेटावरच्या डॉक्टरांनी गार्डनरना कळवलं, की दरवर्षी मेंदूला हादरा बसलेले काही छान रुग्ण आपल्याला अभ्यासायला मिळतात, यंदा एकही मिळाला नाही. तक्रारीच्या सुरात याहून चांगलं प्रशस्तिपत्र क्वचितच कुणाला मिळालं असेल.

त्या बेटावरचे स्वार नवखे नव्हते. वेगात पडल्यावर काय होतं हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसणार, तरी टोप डोक्यावर चढला तो नियम झाला म्हणूनच. पुढच्या शंभर वर्षांत हेच पुन्हापुन्हा दिसतं.

१३ मे १९३५ रोजी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला माहीत असलेले टी. ई. लॉरेन्स डॉर्सेटमधल्या आपल्या घराजवळ ब्रफ सुपीरिअर मोटरसायकलवरून येत होते. समोर सायकलवरची दोन मुलं आली, त्यांना चुकवताना लॉरेन्स फेकले गेले आणि सहा दिवसांनी वारले. वय ४६. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. केर्न्सनी तो मृत्यू विसरून जायचं नाकारलं. महायुद्ध सुरू झालं, ब्लॅकआउटच्या काळोखात सैन्याचे निरोपे मोटरसायकली दामटू लागले आणि केर्न्सनी आकडे जमवायला घेतले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक मेले होते. हेल्मेट घालून अपघात झालेले सातच जण केर्न्सना सापडले, कारण हेल्मेट घालणारेच मुळात थोडे. ते सातही जगले होते. १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा लेख आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सैन्यातल्या स्वारांना हेल्मेट बंधनकारक झालं. सैन्यात मत विचारायची पद्धत नसते.

नागरिकांसाठी मात्र ब्रिटनमध्ये कायदा यायला १९७३ उजाडलं. केर्न्स वारले त्यालाही तोवर एकवीस वर्षं झाली होती. तीन वर्षांनी, १९७६ मध्ये, पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून सूट मिळाली. भारताच्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यातही अशीच सूट आहे.

सूट न मिळालेल्यांत फ्रेड हिल नावाचे एक निवृत्त शिक्षक होते. युद्धात ते स्वतः सैन्याचे निरोपे होते. डोक्यावर बेरे टोपी घालून ते मोटरसायकल चालवत, पावती फाडली की दंड भरायला नकार देत आणि तुरुंगात जात. असं वर्षानुवर्षं चाललं. १९८४ मध्ये ७४व्या वर्षी लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगातच त्यांचं निधन झालं. त्यांचं म्हणणं चूक होतं असं वाटणाऱ्यालाही त्यांच्या सत्याग्रहापुढे दोन क्षण थांबावं लागतं. हेल्मेटविरोधकांना आळशी नाहीतर बेफिकीर ठरवून मोकळं होणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

अमेरिकेतली कहाणी अधिक बोलकी आहे, कारण तिथे कायदा आला, गेला, परत आला आणि दरवेळी कुणीतरी मोजत होतं. १९६६च्या महामार्ग सुरक्षा कायद्यानंतर केंद्र सरकारने राज्यांना बजावलं, की हेल्मेटचा नियम करा, नाहीतर रस्त्यांचा निधी कापला जाईल. निधीचा प्रश्न आल्यावर राज्यांना डोक्यांची काळजी वाटू लागली. १९७५ पर्यंत ५० पैकी ४७ राज्यांत कायदा झाला होता. उरलेल्या तिघांत कॅलिफोर्निया होतं. ज्या राज्यात मोटरसायकलींचं वेड सर्वांत मोठं, तिथल्या लोकप्रतिनिधींना या विषयाला हात लावायची छाती होत नव्हती.

दरम्यान, मोटरसायकलवाले संघटित झाले होते आणि कोर्टांतही खटले चालले होते. १९६८ मध्ये मिशिगनच्या आणि १९६९ मध्ये इलिनॉयच्या न्यायालयाने म्हटलं, की स्वतःचं डोकं सांभाळायला सरकार माणसाला भाग पाडू शकत नाही. १९७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या खटल्यात न्यायाधीशांनी उलटा हिशेब मांडला. रस्त्यावर पडलेल्याला उचलतो समाज, रुग्णालयात नेतो समाज, कामधंदा सुटला तर पोसतोही समाजच, मग परिणाम त्याच्या एकट्याचा कसा? वाद आजही याच दोन भूमिकांमध्ये अडकून पडलेला आहे. नवीन मुद्दा गेल्या पन्नास वर्षांत कुणी आणलेला नाही.

१९७६ मध्ये अमेरिकी संसदेने निधी कापण्याचा अधिकारच काढून घेतला. पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून अधिक राज्यांनी कायदा रद्द केला किंवा फक्त अल्पवयीनांपुरता ठेवला. १९७५ साली देशात ३,१८९ मोटरसायकलस्वार मेले होते. १९८० साली ५,१४४ मेले. या काळात मोटरसायकलीही वाढल्या होत्या, हे विरोधक लगेच दाखवून देतात आणि ते खरंही आहे. पण हेल्मेट उतरल्याचं काय झालं, हे नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. १९९७ मध्ये आर्कान्सा आणि टेक्सस यांनी प्रौढांना मोकळीक दिली, तेव्हा दोन्हीकडे ९७ टक्के लोक हेल्मेट घालत होते. काही महिन्यांत आर्कान्सात ५२ टक्के उरले, टेक्ससमध्ये ६६. लुइझियानाने १९६८ मध्ये कायदा केला, १९७६ मध्ये सैल केला, १९८२ मध्ये पुन्हा आवळला, १९९९ मध्ये परत सैल केला आणि २००४ मध्ये पुन्हा आणला. ज्या वयस्कर स्वाराने ही सगळी वर्षं तिथे काढली असतील, त्याच्या हेल्मेटने कपाटाच्या आतबाहेर बऱ्याच फेऱ्या मारल्या असणार.

तेव्हा प्रश्नाचं सरळ उत्तर असं: निम्मे घालतील, निम्मे काढून ठेवतील. पण हे निम्मेसुद्धा वर्षानुवर्षांच्या सक्तीतून तयार झालेले होते. सक्तीचा हात जिथे पुरता लागलाच नव्हता, तिथला आकडा बघावा. इटलीत प्रौढांना मोपेडवर हेल्मेटची सूट होती. ती २००० साली काढली. त्याआधी रोमान्या भागात दुचाकीवर सरासरी वीस टक्क्यांहून कमी लोक हेल्मेट घालत, नंतर ९६ टक्क्यांच्या वर.

म्हणजे माणसाला कळत नाही का? कळतं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७३ मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंवरून एक सुरेख कोडं मांडलं. हॉकीपटूंना हेल्मेटचा फायदा माहीत असतो, तरी ते घालत नाहीत. इतर कुणी घालत नाही, आपणच घातलं तर भित्रे दिसू, आणि नजरेचा किंचित तोटा होतो तो वेगळाच. पण गुप्त मतदान घेतलं, तर हेच खेळाडू सक्तीच्या बाजूने मत देतील. एकट्याची निवड आणि सगळ्यांची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शेलिंगचं म्हणणं. पुढे २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अमेरिका-कॅनडाच्या नॅशनल हॉकी लीगने १९७९ मध्ये नव्या खेळाडूंना हेल्मेट बंधनकारक केलं, जुन्यांना मुभा ठेवली. हेल्मेटविना खेळणारा शेवटचा खेळाडू १९९७ मध्ये निवृत्त झाला.

क्रिकेटने मात्र उलटं उदाहरण घालून दिलं. तिथे हेल्मेट नियमाने आणलं नाही, वेगवान गोलंदाजांनी आणलं. १९७७च्या सुमारास डेनिस अ‍ॅमिस या फलंदाजाने ते डोक्यावर चढवलं आणि काही वर्षांत बहुतेक फलंदाज त्याच वाटेने गेले. मुंबईच्या सुनील गावसकरांनी शेवटपर्यंत पूर्ण हेल्मेट घातलं नाही, पण माल्कम मार्शलच्या जमान्यात त्यांनीही टोपीखाली घालायची फायबरग्लासची वाटी करून घेतलीच. फलंदाजाला धोका बावीस यार्डांवरून धावत येताना दिसतो, दर षटकात सहा वेळा. दुचाकीस्वाराला तो वर्षानुवर्षं दिसत नाही.

पुण्यात हे फार स्पष्ट दिसतं. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणारं, मग आकुर्डीच्या बजाज स्कूटरवर बसलेलं हे शहर हेल्मेटविरोधाची राजधानी झालं. मोटार वाहन कायद्याचं हेल्मेट बंधनकारक करणारं कलम १२९ सगळ्या देशाला लागू आहे, पुण्यालाही. पण इथे ‘हेल्मेट’ हा शब्द सुटा येत नाही, ‘हेल्मेटसक्ती’ असाच येतो. मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, शहरात वेग असतोच कुठे, आधी खड्डे बुजवा. शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, फक्त त्याचा डोक्याशी संबंध उलट्या बाजूने लागतो. २०१६ मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, अशी घोषणा केली. पंपचालकांनीच विरोध केला आणि ती मागे पडली. २०१९च्या जानेवारीत पोलीस आयुक्त के. व्यंकटेशम यांनी कारवाई सुरू करताच पुणेकर पुणेरी पगड्या घालून, दुचाकींवर बसून निषेधाला निघाले. शहरातल्या आमदारांनी मुख्यमंत्र्यांकडे गाऱ्हाणं नेलं आणि जूनमध्ये चौकाचौकांत अडवून होणारी कारवाई थांबली.

याच शहरात स्कूटरवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून अख्खा चेहरा स्कार्फने गुंडाळतात, कोपरापर्यंत हातमोजे चढवतात. एप्रिलच्या उन्हात त्यात कमी गुदमरत नसेल. कुठल्या कलमाने सांगितलं नाही, कुणी दंड केला नाही, तरी ही चाल घरोघरी रुजली. ऊन आणि धूळ रोज लागते, आरशात रोज दिसते. स्कार्फ रोजच्या त्रासाला उत्तर देतो. हेल्मेट ज्या प्रसंगाला उत्तर देतं तो बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही, आणि ज्यांच्या येतो त्यांच्यातले अनेक जण अनुभव सांगायला उरत नाहीत. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे छापून त्यात फारसा फरक पडत नाही.

कायदा आहे पण बोचत नाही, या अवस्थेतून पश्चिम जर्मनीही गेली आहे. तिथे १९७६ मध्ये हेल्मेट बंधनकारक झालं, पण न घातल्यास दंड नव्हता. १९८० मध्ये जागेवर दंड वसूल होऊ लागला आणि पाळणाऱ्यांचं प्रमाण एकदम चढलं. त्याबरोबर मोटरसायकलींच्या चोऱ्याही पडल्या: १९८०च्या सुमारे दीड लाखांवरून १९८६ मध्ये साधारण पन्नास हजारांवर. उभी दिसलेली गाडी पळवायची तर चोराकडे हेल्मेट कुठून असणार? बिनहेल्मेटचा स्वार दिसला की पोलीस हटकणार, हे त्यालाही कळलं होतं.

पुण्यात आता चौकात हात दाखवणाऱ्या मामांचं बरंचसं काम कॅमेऱ्याकडे गेलं आहे. पावती मोबाइलवर येते, तिच्याकडे लगेच बघितलंच पाहिजे असं नाही. चलनं साचत जातात आणि कधीतरी लोकअदालत भरली की तिथे तडजोड होते.