तुलनेचा गट

दोन शोधनिबंध शेजारी ठेवून वाचले की एक विसंगती डोळ्यांत भरते. पहिला 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधला, जून २०१० मध्ये संकेतस्थळावर आणि ऑगस्टमध्ये छापील अंकात आलेला. लेखकांच्या यादीत पहिलं नाव स्टीफन होडी यांचं. दुसरा 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'मधला, २०१३ चा, अँटोनी रिबास आणि सहकाऱ्यांचा. दोन्हींत आजार एकच, मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, आणि तोही शस्त्रक्रियेच्या हाताबाहेर गेलेला. दोन्हींतली औषधं प्रतिपिंडं, आणि दोन्ही प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवरच्या सीटीएलए-४ या एकाच रेणूला अडवणारी. पहिलं औषध इपिलिमुमॅब. ते जिंकलं, आणि त्यानंतर कर्करोगाच्या उपचारांची दिशा बदलली. दुसरं ट्रेमेलिमुमॅब. ते हरलं.

आता आकडे. ज्या मुदतीपर्यंत निम्मे रुग्ण हयात राहतात तिला मध्यक आयुष्य म्हणतात. जिंकलेलं औषध एकटं घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १०.१ महिने होतं. हरलेलं औषध घेणाऱ्यांचं १२.६.

या दोन आकड्यांची अशी सरळ तुलना करायची नसते, कारण दोन चाचण्यांमधले रुग्ण वेगळे होते. पण ते वेगळे कसे होते आणि त्या वेगळेपणानं निकाल कसा फिरवला, हे छापील कागदांवरूनच बऱ्यापैकी जुळवता येतं.

सुरुवात १९९६ पासून करावी लागते. त्या वर्षी 'सायन्स'मध्ये डॅना लीच, मॅथ्यू क्रुमेल आणि जेम्स अ‍ॅलिसन यांचा एक छोटा निबंध आला. टी-पेशी कामाला लागल्या की काही काळानं त्यांच्या पृष्ठभागावर सीटीएलए-४ येतो आणि त्यांना आवर घालतो. उंदरांमध्ये प्रतिपिंड देऊन हा आवर काढला, तर शरीर गाठींवर स्वतःच हल्ला करतं, असं या तिघांनी दाखवलं. तोवर मेलानोमाच्या डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. डकार्बाझिन हे रसायन १९७५ पासून अमेरिकेत मंजूर होतं. जानेवारी १९९८ मध्ये इंटरल्यूकिन-२ मंजूर झालं. त्याला आधार होता २७० रुग्णांचा, आणि त्यांपैकी १६ टक्क्यांच्या गाठी आकसल्या होत्या. या दोन्ही औषधांनी रुग्ण जास्त जगतात, हे तुलनात्मक चाचणीत सिद्ध झालेलं नव्हतं.

त्या काळची परिस्थिती सर्वांत स्पष्ट दाखवणारा कागद आहे २००८ चा. कॉर्न आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या टप्प्याच्या ४२ चाचण्यांमधल्या सुमारे २,१०० रुग्णांची माहिती एकत्र केली. मध्यक आयुष्य ६.२ महिने, वर्षाअखेर हयात २५.५ टक्के. औषधं बदलत राहिली होती, हा आकडा जागचा हलला नव्हता. तो पुढे कामाला येणार आहे.

उंदरांवरून माणसांकडे येताना एक जोडीदार सोबत आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांचा गट जीपी१०० नावाच्या प्रथिनाच्या तुकड्यांपासून मेलानोमाची लस तयार करत होता. २००३ मध्ये या गटानं १४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांना लस आणि सीटीएलए-४ विरोधी प्रतिपिंड एकत्र दिलं होतं. तिघांच्या गाठी आकसल्या. सहा जणांना गंभीर त्रास झाला, कारण सुटलेल्या टी-पेशी शरीराच्या धडधाकट अवयवांवरही चालून गेल्या. एवढ्या छोट्या निबंधात पुढची सगळी गोष्ट बीजरूपानं आहे: थोड्यांना लाभ, बऱ्याच जणांना त्रास, आणि लसीचा वाटा किती हा न सुटलेला प्रश्न.

हा प्रश्न सोडवायलाच होडी यांच्या निबंधातली चाचणी आखलेली दिसते. सप्टेंबर २००४ ते ऑगस्ट २००८ या काळात १३ देशांतल्या १२५ केंद्रांवर ६७६ रुग्ण घेतले गेले. तीन गट: प्रतिपिंड आणि लस ४०३, फक्त प्रतिपिंड १३७, फक्त लस १३६. म्हणजे तुलनेच्या गटाला डकार्बाझिन नव्हतं आणि नुसतं खारं पाणीही नव्हतं. होती ती लस, आणि ती एकटी उपयोगी पडते असा पुरावा नव्हता. सगळ्यांचा आधी कुठला तरी उपचार होऊन निष्फळ ठरला होता. शिवाय सगळ्यांचा एचएलए-ए २ हा ऊतीप्रकार होता, कारण लस त्यांच्यावरच चालण्याची शक्यता होती.

ट्रेमेलिमुमॅबची चाचणी याच्या नेमकी उलट, झपाट्यानं भरलेली: मार्च २००६ ते जुलै २००७, रुग्ण ६५५. यांना आजार पसरल्यावर आधी कुठलंच औषध दिलेलं नव्हतं. रक्तातलं एलडीएच हे विकर सामान्याच्या दुपटीहून जास्त असेल तर प्रवेश नाही. मेलानोमात एलडीएच चढलेलं असणं हे आजार वेगानं पुढे जात असल्याचं लक्षण. तेव्हा ही अट घातली की सर्वांत थकलेले रुग्ण आपोआप बाहेर राहतात. तुलनेला डकार्बाझिन किंवा टेमोझोलोमाइड ही केमोथेरपी. प्रतिपिंडाचा डोस दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम, दर ९० दिवसांनी. इपिलिमुमॅबचा होता किलोमागे ३ मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, एकूण चार वेळा.

एप्रिल २००८ मध्ये फायझर कंपनीनं चाचणी थांबवल्याचं जाहीर केलं. ३४० मृत्यूंनंतर केलेल्या अंतरिम विश्लेषणात निष्फळतेची पूर्वनिश्चित रेषा ओलांडली गेली होती. इथे तारखांचा हिशेब करून पाहावा. शेवटचा रुग्ण जुलै २००७ मध्ये दाखल झालेला, म्हणजे त्याच्यावर लक्ष ठेवून जेमतेम नऊ महिने झाले होते. आणि या वर्गाच्या औषधाचा परिणाम उशिरा दिसतो. इपिलिमुमॅबच्या आलेखात पहिले काही महिने सगळ्या गटांच्या रेषा एकमेकींना चिकटून उतरतात, मग फाकतात, आणि औषधाची रेषा पुढे जवळपास आडवी होते. जे थोडे रुग्ण सावरतात ते पुढे वर्षानुवर्षं सावरलेले राहतात. लाभ असा शेपटाकडे साठलेला असेल, तर निम्मे रुग्ण गेल्यावर घेतलेला झाडा त्याला न्याय देणं कठीण.

रिबास यांच्या निबंधाचं मोल असं, की निकाल विरुद्ध जाऊनही रुग्णांचा पाठपुरावा चालू ठेवला गेला. अखेरीस ५३४ मृत्यूंनंतर १२.६ विरुद्ध १०.७ महिने, निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता सुमारे १३ टक्के, म्हणजे प्रचलित ५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर. गाठी आकसण्याचं प्रमाणही जवळपास सारखं, १०.७ आणि ९.८ टक्के. मात्र ज्यांच्या गाठी आकसल्या त्यांचा लाभ किती टिकला? केमोथेरपीवर १३.७ महिने, ट्रेमेलिमुमॅबवर ३५.८. माझ्या मते सगळ्या निबंधातला सर्वांत बोलका आकडा हाच. निष्क्रिय औषध असा आकडा देत नाही.

होडी यांच्या चाचणीच्या कागदात एक खाडाखोड आहे, तीही नोंदवायला हवी. मूळ आराखड्यात यशाची कसोटी होती गाठी आकसण्याचं प्रमाण. जानेवारी २००९ मध्ये ती बदलून एकूण आयुष्य ही कसोटी ठरवली गेली. चाचणी संपत आल्यावर कसोटी बदलणं एरवी संशयास्पद. इथे संशय फार टिकत नाही: कोणाला काय दिलं हे तेव्हा झाकलेलंच होतं, आणि नवी कसोटी जुनीपेक्षा कडक होती. जुनी ठेवली असती तरी चाचणी जिंकलीच असती. आकसण्याचं प्रमाण एकट्या इपिलिमुमॅबवर १०.९ टक्के आणि लसीवर १.५ होतं. पण ११ टक्क्यांच्या बातमीनं फारशी खळबळ झाली नसती. इंटरल्यूकिन-२ चे १६ टक्के आधीच छापलेले होते. बदलामागचं कारण त्याच वर्षीच्या वॉल्चॉक आणि सहकाऱ्यांच्या निबंधात सापडतं. प्रतिकारशक्तीच्या औषधांवर काही रुग्णांच्या गाठी आधी वाढतात, नव्याही दिसतात, आणि मग आकसतात. केमोथेरपीसाठी बेतलेल्या मोजपट्टीनं अशा रुग्णाला पहिल्याच तपासणीत 'उपचार निष्फळ' म्हटलं असतं.

आता तुलनेच्या गटांकडे येऊ. लसीच्या गटाचं मध्यक आयुष्य ६.४ महिने, केमोथेरपीच्या गटाचं १०.७. एका चाचणीला जिंकण्यासाठी सहा महिन्यांच्या पुढे जायचं होतं, दुसरीला जवळपास अकराच्या. या फरकाचा मोठा भाग निवडीतून आला असणार: आधी उपचार न झालेले, एलडीएच मर्यादेत असलेले रुग्ण मुळातच जास्त जगतात. दुसरं कारण जास्त विचित्र आहे. केमोथेरपीच्या गटातल्या सुमारे १६ टक्के रुग्णांना पुढे इपिलिमुमॅब मिळालं. ते औषध तोवर इतर चाचण्यांमधून उपलब्ध होतंच, आणि आजार वाढलेल्या माणसाला कोण अडवणार? पण हिशेबात ही माणसं केमोथेरपीच्याच रकान्यात राहिली. इपिलिमुमॅबनं त्यांना जे काही दिवस दिले असतील, ते ट्रेमेलिमुमॅबच्या विरोधात मोजले गेले.

उलट बाजूचा आक्षेपही घेतला गेला: लसीनंच रुग्णांचं नुकसान केलं असेल आणि त्यामुळे इपिलिमुमॅब उजवं दिसलं असेल, तर? लस जोडल्यावर आकसण्याचं प्रमाण १०.९ वरून ५.७ टक्क्यांवर उतरलं, हे शंकेला बळ देतं. पण आयुष्यात फरक पडला नाही, लसीसह १०.० महिने, लसीविना १०.१. आणि इथे कॉर्न यांचा २००८ चा कागद साक्षीला येतो. लसीच्या गटात वर्षाअखेर हयात होते २५.३ टक्के, त्या जुन्या ४२ चाचण्यांत २५.५. रुग्ण तंतोतंत सारखे नव्हते, तरी लसीनं कोणाचं आयुष्य घटवलं असं मानायला मला आधार दिसत नाही. तिनं काहीच केलं नसावं. होडी यांच्या निबंधाच्या पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, डकार्बाझिनसोबत इपिलिमुमॅब देऊन पाहिलेल्या ५०२ रुग्णांच्या चाचणीतही लाभ दिसला, ११.२ विरुद्ध ९.१ महिने. तिथे लस नव्हती.

या विजयाची किंमतही होडी यांच्याच निबंधात छापलेली आहे. ६७६ पैकी १४ मृत्यू उपचारामुळे झाले, आणि त्यांतले सात सुटलेल्या प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याशी जोडलेले होते. आतड्यांचा दाह, यकृताचा दाह, अंतःस्रावी ग्रंथींचे बिघाड: स्टेरॉइड लवकर आणि पुरेशी द्यायची, हे डॉक्टर या रुग्णांकडूनच शिकले.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं इपिलिमुमॅबला २५ मार्च २०११ रोजी मंजुरी दिली. पुढे टी-पेशींवरच्या पीडी-१ या दुसऱ्या आवराला अडवणारी औषधं आली, आणि ९४५ रुग्णांच्या एका चाचणीत त्यांपैकी निवोलुमॅबशी जोडी करून दिलेल्या इपिलिमुमॅबनं दहा वर्षांनंतर ४३ टक्के रुग्ण हयात ठेवले. एकट्या इपिलिमुमॅबवर १९ टक्के. आपल्याकडे मेलानोमा विरळ, आणि झाला तर बहुधा तळपायावर किंवा नखाखाली. त्यामुळे ही नावं मराठी घरांत पोहोचली ती इतर कर्करोगांच्या निमित्तानं.

ट्रेमेलिमुमॅबचे हक्क २०११ मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाकडे गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, यकृताच्या कर्करोगासाठी, डुर्वालुमॅब या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या जोडीनं. डोस ३०० मिलिग्रॅम, फक्त एकदा. मेलानोमाच्या चाचणीत ७५ किलो वजनाच्या माणसाला ते दर खेपेस १,१२५ मिलिग्रॅम दिलं गेलं असतं.