एकत्र जागे म्हणजे जोडलेले?

भोईवाड्यात आमच्या चाळीत पहाटे पाणी आलं की पाच मिनिटांत मजल्यावरचे सगळे दिवे लागतात. समोरच्या इमारतीतून कुणी रोज नोंद ठेवली, तर त्याला वाटेल पहिल्या खोलीतल्या काकू शेवटच्या खोलीतल्या आजोबांना उठवतात. त्या दोघांचं तर वर्षभर बोलणं बंद आहे! दोघांना उठवतो तो नळ.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. चेतापेशींच्या चमकण्याच्या नोंदींवरून कोण कोणाशी जोडलेलं आहे ते ओळखायचं होतं. एकत्र चमकणाऱ्या जोड्या निवडल्या, आलेखही झकास आला. सरांनी एवढंच विचारलं, "दोघींना तिसरीच कुणी उठवत नसेल कशावरून?" दोन महिन्यांचं काम गेलं. मग मी या प्रश्नाचा इतिहास वाचायला बसलो.

जोडणी शोधायच्या वाटा मुख्यतः दोन. एक, कापून बघा. सी. एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत, धागे हाताने माग काढत जॉन व्हाइट, सिडनी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये त्याच्या 302 चेतापेशींचा नकाशा छापला.

दुसरी वाट म्हणजे मेंदू काम करत असताना त्याचा माग घ्या. या वाटेवर आपली मुंबई भेटते. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दीकींनी 1962 मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू केला, पुढे तिथे फळमाशीच्या वासाच्या जाणिवेवर काम झालं. त्याच गटातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी 1984 मध्ये एरिच बुख्नर यांच्यासोबत एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. माशीला किरणोत्सारी खूण लावलेली साखर द्यायची, वास द्यायचा. ज्या पेशी जास्त राबतात त्या जास्त साखर ओढतात, आणि ती साखर त्यांच्यात अडकून राहते. मग मेंदूचे काप घेऊन ती खूण कुठे साठली ते बघायचं. कोणत्या वासाला मेंदूचा कोणता भाग जागा होतो ते यातून दिसलं. पण एका माशीमागे एकच चित्र. आधी कोण जागं झालं, ते कळत नाही.

कॅल्शियमवर चमकणाऱ्या रंगद्रव्यांनी चित्राचा चित्रपट केला. तरी चमक संथ असते, पेशींचे संदेश त्याहून कितीतरी जलद. 2014 मध्ये अशा चित्रणावरून जोडण्या ओळखायची खुली स्पर्धा झाली. नोंदी संगणकाने तयार केलेल्या होत्या, म्हणून खरं उत्तर आयोजकांकडे होतं. (तुम्हीही आधी अशाच डेटावर हात बसवा, मी उलट केलं.) जिंकलेल्या पद्धतीचा गाभा होता आंशिक सहसंबंध, म्हणजे बाकीच्या पेशींचा प्रभाव वजा करून दोघींत काय उरतं ते पाहणं. थोडक्यात, नळ वजा करणं.

मात्र वजा होतो तो कॅमेऱ्यात दिसणारा नळ. चौकटीबाहेरच्याचं काय?

2024 मध्ये प्रौढ फळमाशीच्या 1,39,255 चेतापेशींचा नकाशा आला. काप वाचले अल्गोरिदमनी, चुका दुरुस्त केल्या माणसांनी. मला वाटलं, आता अंदाजाचं काम संपलं. पण त्याआधीच, 2023 मध्ये, प्रिन्स्टनच्या गटाने त्या जुन्या कृमीच्या पेशी प्रकाशाने एकेक करून उठवल्या आणि बाकीच्या कोण जाग्या होतात ते पाहिलं. संदेश 1986 च्या नकाशातल्या वाटांनीच जात नव्हते. काही पेशी सिनॅप्सशिवायच, रसायनं सोडून लांबच्या पेशींना उठवत होत्या.

माझा सध्याचा प्रबंध तिथेच अडकला आहे.