मडकी फोडल्यानंतरचं काम

गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली. त्याआधी धानोरा तालुक्यातल्या आम्ही बायांनी मोहाच्या सडव्याची मडकी फोडली होती. चंद्रपूरच्या बायांना फार थांबावं लागलं. डिसेंबर 2010 मध्ये पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गार संघटनेसोबत त्या दारूबंदी मागत चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर चालत गेल्या. बंदी आली 1 एप्रिल 2015 ला आणि 2021 मध्ये सरकारनं ती उठवली.

ज्याच्या अंगात दारू भिनली, तो मात्र बंदीतही तसाच राहिला. अशा माणसाची दारू एकदम तोडली तर हातपाय कापतात, कधी झटकेही येतात. त्याला औषध लागतं, आणि ते पुरं होईपर्यंत टिकवून धरणारं माणूसही लागतं.

टिकवण्याचं हे काम महाराष्ट्रात आधी गर्दुल्ल्यांसाठी उभं राहिलं. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदत दिली आणि 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, ही अफूचीच लेक. ती सुटताना 'टर्की' येते: अंग मोडून येतं, जुलाब लागतात, झोप उडते. रोगी पळतो तो तेव्हा. टर्की ओसरली की 'मी बरा झालो' म्हणून पुन्हा पळतो. मुक्तांगणात त्याच्याशेजारी त्याच वाटेनं आलेला बरा झालेला माणूस बसतो, आणि बायकोसाठी 'सहचरी' गट असतो. अफूच्या व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं दीर्घकाळ चालू ठेवली की माणसं उपचारात टिकतात, हे जगभर दिसलंय. 2005 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

आमच्याकडे गडचिरोलीत शोधग्रामच्या 'सर्च' संस्थेनं, सरकार आणि टाटा ट्रस्टसोबत, 'मुक्तिपथ' हा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आणला. तालुक्याला आठवड्यातून एकदा क्लिनिक, गावात शिबिर. गावसंघटनेत राहून एक माझ्या ध्यानात आलं, की आमच्या माणसाचा उपचार तुटतो तो हंगामानं. मार्च-एप्रिलात मोहफूल अंगणातच वाळत असतं. मे महिन्यात तो तेंदूपानं तोडायला फळीवर जातो. पावसात, "बाई, रोवणी लागली, आता नाई जमत." अशा वेळी शेजारीण त्याच्या बांधीत दोन तास रोवायला उतरली, तर तो क्लिनिकला जाऊन येतो. ज्या गावानं हे केलं तिथं माणसं शेवटपर्यंत टिकली. नुसती शपथ देणाऱ्या गावांत मी फारसं टिकलेलं पाहिलं नाही. शपथेच्या दिवशी सारं गाव जमतं. तिसऱ्या आठवड्यात त्याला झोप येत नाही, तेव्हा उशाशी एकटी बायको असते.

म्हणून चंद्रपूरच्या लोकांना माझी विनवणी आहे. दुकानं उघडली, त्यातून कर येतो. त्या पैशातून प्रत्येक तालुक्यात आठवड्याचं क्लिनिक मागा, आणि पहिलं ठिकाण जिवती-कोरपन्यासारख्या दूरच्या तालुक्यात मागा.