हरिश्चंद्राचं पहिलं घर

चेंबूरला आर. के. स्टुडिओ २०१९ साली विकला गेला तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. हळहळ रास्तच होती. पण त्याहून थोरलं एक घर गिरगावात सँडहर्स्ट रोडला होतं: ‘कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ अँड व्हरायटी हॉल’. ते कधीच जमीनदोस्त झालं.

नावातला ‘व्हरायटी’ हा शब्द सोडू नका. तेव्हा नुसत्या फिल्मवर थेटर चालत नसे. रिळं आखूड, आणि नाटकाला रात्र जागवणारा प्रेक्षक तेवढ्याने कुठला समाधानी! मग सोबत नाच, नकला, कसरती. तमाशात वगाआधी गण, गौळण, बतावणी यावी तसाच हा मामला. अमेरिकेत याला व्होडव्हिल म्हणत.

३ मे १९१३ ला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ याच पडद्यावर लोकांसाठी खुला झाला. चार रिळं, सुमारे ३७०० फूट. त्याच खेळात मिस आयरीन डेलमारचा नाच, मॅक्लेमेंट्स मंडळींचा विनोदी प्रवेश, ‘टिप-टॉप कॉमिक्स’ आणि पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर! तिकडे डोंबाघरी राबणारा राजा, तारामतीच्या लुगड्यात अण्णा साळुंके, आणि इकडे ही सर्कस. आज हसू येतं. मला मात्र त्यात धंद्याची अक्कल दिसते, कारण तिकीट नेहमीच्या दुप्पट होतं. पुढे सुरतेला गल्ला जमेना तेव्हा फाळक्यांनी जाहिरातीत मापच काढलं: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, तीन आण्यांत.

पहिला भारतीय चित्रपट कोणता, यावर आपल्याकडे अजून भांडणं होतात. दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ वर्षभर आधीचा, १८ मे १९१२ चा. ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण, कॅमेऱ्यामागे साहेब, फिल्म धुतली लंडनला. म्हणून मान हरिश्चंद्राला. मलाही हा निवाडा पटतो. गंमत अशी की ‘पुंडलिक’ही कॉरोनेशनलाच लागला होता. भांडणारे दोन्ही पक्ष एकाच दारातून आत गेलेले.

त्या दाराची चौकट आता नाही. सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला. गिरगावातल्या कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत कॉरोनेशनचं तिकीट, हँडबिल किंवा फोटो असेल, तर घर रिकामं करताना तेवढं रद्दीत घालू नका.